१७ आणि ३९

भाचीनं मनगट माझ्या मास्कसमोर आणून धरलं. तिच्या डाईव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे या खोलीवर आणखी किती मिनिटं राहता येईल ते सांगणाऱ्या मनगटावरच्या यंत्रावर, ३९ होते. मी माझं मनगट तिच्या मनगटाला लावलं. माझ्यावर १७. खोली दोघींची एकच, १८ मीटर. पाण्यात उतरून दोघींनाही १२ मिनिटं झालेली. एकाच दोरीला धरून, हाताच्या अंतरावर, आम्ही बरोबरच खाली आलो होतो. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाची ती आमची त्या दिवसातली दुसरी डाईव्ह. खडकाच्या कपारीतून पिवळ्या माशांचा एक थवा बाहेर यायचा आणि काहीतरी आठवल्यासारखा परत आत जायचा. कानात फक्त आपल्याच श्वासाचा आवाज. आणि मधे हे दोन आकडे, एकाहून दुसरा दुपटीपेक्षा मोठा. तिनं खांदे उडवले आणि पुढे पोहत निघाली.

आणखी बारा-तेरा मिनिटांनी मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नसतो, 'वर चल' असा असतो. तिनं पुन्हा मनगट दाखवलं, बोटानं आकड्यावर दोनदा टकटक केली. अजून कितीतरी वेळ आहे मावशी, हे तिला मास्कच्या आतूनही सांगता आलं. मी पुन्हा अंगठा वर केला. ती आली, पण रुसून आली. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, ती तीन मिनिटं ती माझ्याकडे न बघता नुसती मनगटाकडे बघत लटकत राहिली.

बोटीवर उलगडा झाला. भाड्याची घड्याळं (नाव कॉम्प्युटर असलं तरी आम्ही सगळे घड्याळच म्हणतो) एका निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेली होती. पहिल्या डाईव्हनंतर भाचीनं आपलं घड्याळ काढून क्रेटमध्ये टाकलं, चहा प्यायली, आणि दुसऱ्या डाईव्हच्या वेळी हाताला लागलं ते उचलून बांधलं. सगळी सारखीच दिसणारी, काळ्या पट्ट्याची. तिनं उचललेलं घड्याळ ज्याच्या नावावर होतं त्या मुलाला बोट लागली होती. पहिल्या डाईव्हला तो उतरलाच नव्हता. म्हणजे घड्याळ खोटं बोलत नव्हतं. त्याच्या हिशेबी तो माणूस सकाळपासून कोरडा होता, आणि कोरड्या माणसाला १८ मीटरवर आणखी ३९ मिनिटं राहता येतं. भाचीचं शरीर मात्र सकाळची एक अख्खी डाईव्ह अंगात घेऊन खाली गेलं होतं, आणि ते घड्याळाला कोणी सांगितलंच नव्हतं.

झालं काहीच नाही. कोणाला मुंगी चावल्याएवढाही त्रास नाही. संध्याकाळी आम्ही मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर बसून नीर डोसे खाल्ले, तिनं मला मिठीही मारली. तरी बडोद्याला परतल्यावर महिनाभर ते दोन आकडे माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. सूरसागरला फेरी मारताना, खंडेराव मार्केटात मेथीची जुडी निवडताना, मधेच आठवायचं: १७ आणि ३९.

बडोद्यात मोठं झालेल्या माणसाचं आणि खोल पाण्याचं नातं तसं दुरूनच. आमची नदी विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. लहानपणी पुलावर थांबून मगर दिसते का ते बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही, हे संस्कार. मी पोहायला शिकले तरणतलावात, क्लोरीनच्या वासात. समुद्राखाली पहिल्यांदा गेले ती चाळिशी ओलांडल्यावर, मालवणकडे. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिले दोन दिवस आम्हाला पाण्याला हात लावू दिला नाही. हातात प्लास्टिकचं टेबल दिलं, म्हणजे किती खोलीवर किती मिनिटं राहता येतं त्याचा तक्ता, आणि पेन्सिल. "आधी कागदावर बुडा," म्हणायचे.

त्या टेबलामागे काय आहे, हे त्यांनी ज्या तऱ्हेनं सांगितलं ते मला स्वयंपाकघराच्या भाषेत लगेच कळलं. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरत जातो, पण सगळीकडे सारख्या वेगानं नाही. शेवया पाण्यात टाकल्या की भिजतात, साबुदाण्याला काही तास लागतात, वालांना रात्र. रक्त आणि मेंदू शेवयांसारखे. सांधे, चरबी, ही मंडळी वालांसारखी. आणि जे हळू भिजतं ते सुकतंही हळू. दाब घाईनं कमी केला तर बाहेर पडायला वाट न मिळालेल्या वायूचे आतच बुडबुडे होतात, सांध्यात, कधी मज्जारज्जूत. एकोणिसाव्या शतकात खाणी आणि पुलांचे पाये खणायला दाबाच्या हवेत उतरणाऱ्या मजुरांना हे पहिल्यांदा भोगावं लागलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये त्यानंच अंथरुणाला खिळला आणि पुढचं बरंचसं काम त्याची बायको एमिली हिनं तडीस नेलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यानं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये पहिली भरवशाची टेबलं छापली. दुखायला लागलं की बकरी पुढचा पाय उचलून धरायची, तेवढीच काय ती तिची तक्रार. त्यानं शरीराचे पाच कप्पे कल्पिले, ५ मिनिटांत निम्मा भरणारा ते ७५ मिनिटांत निम्मा भरणारा, आणि टप्प्याटप्प्यानं थांबत वर यायची रीत घालून दिली. मला ते ऐकताना बडोद्याजवळच्या सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आठवली होती. थोड्या पायऱ्या, मग खांबांचा सज्जा, जरा उभं राहायचं, मग पुढच्या पायऱ्या. पाण्यापासून उजेडाकडे एका दमात नाही.

आम्ही शिकलो त्या पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला ५६ मिनिटं होती, ३० मीटरला फक्त २०. पहिल्या डाईव्हनंतर तुम्हाला एक अक्षर मिळायचं, बोटीवर जितका वेळ बसाल तितकं ते अक्षर मागे सरकायचं, आणि त्या अक्षरावरून दुसऱ्या डाईव्हच्या मिनिटांमधून किती वजा करायची ते ठरायचं. रकान्यावरून बोट फिरवत, ओठ हलवत, पहिली-दुसरीच्या मुलांसारखे आम्ही चाळीस-पंचेचाळीस वयाचे लोक ते करायचो. नेत्राणीलाही मी केलं होतं. सवयीनं. पाण्यात बरोबर न्यायच्या माझ्या पाटीवर दुसऱ्या डाईव्हसाठी पेन्सिलीनं ३० लिहिलेलं होतं. १२ मिनिटं झाली होती, म्हणजे उरली १८. घड्याळ सांगत होतं १७.

मी १७ वर विश्वास ठेवला तो माझं घड्याळ महागातलं आहे म्हणून नव्हे, पाटीवर १८ होतं म्हणून.

हे माझ्यात कुठून आलं ते मला नीट ठाऊक आहे. अण्णा, माझे वडील, बॉयलर अटेंडंट होते. बडोद्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी ३१ वर्षं तिन्ही शिफ्ट केल्या. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत जाता यायचं. बॉयलरला झेंडूचं तोरण, अंगावर हळदकुंकवाची बोटं, आणि त्या सगळ्यामागून येणारी ती गरम, तेलकट, जरा गोडसर हवा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. समोर दोन उभ्या काचा होत्या, दोन्हींत पाणी सारख्याच उंचीवर. ही गेज ग्लास, अण्णा म्हणाले, आतलं पाणी इथे दिसतं. दोन कशाला, मी विचारलं. "एक खोटं बोलली तर दुसरीला विचारायला."

मग त्यांनी खालचा कॉक उघडला. फस्सकन वाफ गेली, काच रिकामी झाली. कॉक बंद केल्याबरोबर पाणी परत आपल्या जागी येऊन उभं राहिलं. प्रत्येक शिफ्टला हे करायचंच. कारण काचेकडे येणारी वाट गाळानं तुंबली, तर बॉयलरमधलं पाणी उतरलं तरी काचेत जुनंच पाणी दिसत राहतं. शांत, स्वच्छ, बरोबर मधोमध. माणूस निर्धास्त बसतो आणि आत नळ्या तापून लाल होतात. काचेत पाणी दिसतंय म्हणजे काचेत पाणी आहे, एवढंच. पुढचं आपण तपासायचं.

त्यांची वही असायची. दर तासाला दाब, पाण्याची पातळी, फीड पाण्याचं तापमान. नवीन मुलं आधी मीटर बघून मग लिहायची. अण्णा उलट करायचे. आधी मनाशी म्हणायचे, आता ड्रायर चालू आहेत, वाफ जास्त ओढली जातेय, म्हणजे दाब दहाच्या जरा खाली असणार. मग मान वर करायची. आकडा जुळला तर लिहायचा. नाही जुळला तर खुर्चीवरून उठायचं. मला हे त्यांनी कधी शिकवणी म्हणून सांगितलं नाही. जेवताना, शिफ्टच्या गप्पांत कानावर पडलं. आज मी पाण्याखाली तेच करते. घड्याळाकडे बघायच्या आधी मनाशी आकडा धरते: किती खोल असू, किती वेळ झाला असेल, सिलिंडरमध्ये किती उरलं असेल. मग मनगट वळवते.

पुढे एकदा दाबाचं एकक समजून घेताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ गप्प बसले. अण्णांच्या बॉयलरच्या मीटरवर लाल रेघ साडेदहावर होती, दर चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलो. एक किलो म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब. माझा बाप ३१ वर्षं, खुर्ची टाकून, शंभर मीटरहून खोल समुद्राच्या शेजारी बसला होता. मुख्य व्हॉल्व्ह ते पाव-पाव फेऱ्यानं उघडायचे, मधे थांबत, पाइपावर हात ठेवत, कारण एकदम उघडला तर आतलं पाणी उसळून वाफेबरोबर पाइपात धावतं. वाफेचा नियम वेगळा, शरीरातल्या नायट्रोजनचा वेगळा. पण ५ मीटरवर दोरीला धरून थांबले की मला तो पाव फेऱ्यावर थांबलेला हात आठवतो.

म्हणून मी घड्याळांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. नाहीच आहे. टेबल असं धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागीच होता. १८ मीटरला दोन मिनिटं जाऊन आलात आणि बाकी सगळा वेळ आठ-दहा मीटरवर प्रवाळ बघत फिरलात, तरी हिशेब १८ चाच. घड्याळ मात्र काही सेकंदांनी खोली टिपतं आणि प्रत्यक्षात जसे गेलात तसा हिशेब करतं. १९८३ मध्ये एज नावाचा पहिल्या पिढीतला कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा तो विटेएवढा होता. आज त्याहून कितीतरी मोठं गणित घड्याळात मावतं. पुष्कळ घड्याळांच्या पोटात झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरचं गणित आहे: हाल्डेनचे पाच कप्पे त्यानं सोळा केले, आणि त्यातला सगळ्यात सुस्त कप्पा निम्मा भरायला ६३५ मिनिटं घेतो, साडेदहा तासांहून जास्त. एवढं कोणाला पेन्सिलीनं जमणार? शिवाय घड्याळ वेगावर लक्ष ठेवतं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा भराभर वर येऊ लागलात की चिवचिव करून सांगतं. आणि टेबल वाचण्यात माणसं चुकतात. मी स्वतः चुकले आहे, घाईत एक ओळ खालची वाचली होती. बरोबरच्या बाईंनी पकडलं नसतं तर तशीच उतरले असते.

माझी काळजी निराळीच आहे. नुसत्या घड्याळाच्या भरवशावर उतरणारा माणूस पाण्यात जाण्याआधी काहीच ठरवत नाही. खाली जाऊन बघू, घड्याळ सांगेल, अशी वृत्ती बोटीवर हल्ली फार ऐकू येते. मिनिटं शून्यावर आली तरी काय झालं, घड्याळ थांबे दाखवेल, तिथे थांबू आणि वर येऊ. ते थांबे दाखवेल हे खरंच आहे. पण साधं घड्याळ ६ मीटरवर आठ मिनिटं थांब म्हणताना तुमच्या सिलिंडरमध्ये आठ मिनिटांची हवा आहे का, हे विचारत नाही. मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांना थांबे न लागतील अशाच बेतानं शिकवलेलं असतं. थांब्यांची डाईव्ह करणारे वेगळे. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, सिलिंडर जास्त, आणि प्रत्येक थांब्याचा, प्रत्येक श्वासाचा हिशेब आदल्या दिवशी लिहून झालेला. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला २४०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर ५६ लागतात. भागाकार करून बघा, राखीव हवा बाजूला काढून. नेत्राणीला भाचीच्या घड्याळानं ३९ दाखवलं तेव्हा तिच्या सिलिंडरमध्ये ३९ मिनिटांची हवा नव्हतीच. तो आकडा दोन्ही बाजूंनी पोकळ होता, आणि एक साधा भागाकार तिला ते सांगू शकला असता. पण भागाकार करायचा तो बोटीवर, कोरड्या डोक्यानं. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते, तेव्हा सात अधिक पाचसुद्धा जरा लांब वाटतात.

आणि शरीराचं काय? घड्याळाला खोली कळते आणि वेळ कळतो. तुम्ही रात्रभर गाडीत जागे होतात, उलट्या झाल्यात, पाणी कमी प्यायलात, थंडीनं कुडकुडताय, पन्नाशी उलटली आहे, हे त्याला कळत नाही. टेबलालाही कळत नाही, हे मान्य करायलाच हवं. दोन्ही नियमात राहूनही माणसांना त्रास झालेला आहे. म्हणून बेत करताना मी पाच-दहा मिनिटं माझ्या वयाची म्हणून काढून ठेवते. ती कुठल्याच टेबलात नाहीत. भाचीला दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान घ्यायचं होतं. एकाहून जास्त डाईव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये म्हणतात, कारण विमानातली हवा उंच डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. तिनं तिकीट बदललं आणि माझ्याबरोबर रेल्वेनं बडोद्याला आली, कोकणातून, खिडकीला नाक लावून. वाटेत तिनं विचारलं, "तुला कसं कळलं गं, तुझं बरोबर आणि माझं चूक?" मी पाटीची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं. मला जरा अभिमानच वाटला तेव्हा.

तो अण्णांनी उतरवला. मी त्यांना सगळं सांगितलं, दांडिया बाजारच्या घरात, झोपाळ्यावर. आता ते ८४ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण आकडे बरोबर ऐकतात. सतरा आणि एकोणचाळीस म्हटल्यावर मान वर केली. क्रेटचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. ते थोडा वेळ झोपाळा पायानं थांबवून बसले. मग म्हणाले, "तिनं ते घड्याळ उचललं तेव्हा तू कुठे होतीस?"

मी तिथेच होते.

हेच महिनाभर टोचत होतं, आणि मी ते नायट्रोजनखाली, हाल्डेनखाली, बकऱ्यांखाली झाकून ठेवलं होतं. ती क्रेटपाशी वाकली तेव्हा मी दोन हातांवर होते, फिनचा पट्टा ओढत. तिनं हात घालून घड्याळ उचललेलं मी पाहिलं. ते तिचंच आहे का, हा विचार मनात आलासुद्धा. बोट हलत होती, माणसं ओरडत होती, उतरायची घाई होती. तिला कळत असेल, असं मी म्हटलं. १८ मीटरवर मी शहाणी ठरले ती वर बोटीवर गप्प राहिले म्हणून. अण्णांना मी हे सांगितलं. ते रागावले नाहीत. शिफ्ट बदलताना, म्हणाले, जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडानं सांगतो. वहीत लिहिलेलं असलं तरी तोंडानं सांगायचं. कोणती काच कालपासून जरा हळू भरतेय, ते वहीत नसतं. मग त्यांनी पाय उचलला आणि झोपाळा पुन्हा हलू लागला. कडीचा तोच आवाज, मी लहान असल्यापासूनचा.

त्या रात्री मी भाचीला फोन केला आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग म्हणायचं ना मावशी." तेवढंच. पुढे आठवडाभर तिचा फोन नाही, निरोप नाही. मी रोज सकाळी फोन उचलून बघायचे.

परवा तिनं एक फोटो पाठवला. वहीचं पान. डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर पुन्हा जाणार आहे, त्याच्या दोन डाईव्हचा बेत, हातानं लिहिलेला. पहिली खोली, मिनिटं, अक्षर. बोटीवरचा वेळ. दुसरं अक्षर. खाली हवेचा भागाकार, तो अगदी बरोबर. वर कोपऱ्यात लिहिलेलं: घड्याळाला चिकटपट्टी, नाव. दुसऱ्या डाईव्हच्या मिनिटांत मात्र चूक होती; वजा करायचा आकडा तिनं शेजारच्या खोलीचा घेतला होता, चार मिनिटांचा फरक.

लिहून पाठवता आलं असतं. मी फोन लावला.

"हा दुसऱ्या ओळीतला आकडा कोणत्या रकान्यातून घेतलास गं?"

"थांब," ती म्हणाली, आणि पलीकडे टेबल शोधताना पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला.